निळ्या उजेडातली लाल गाठ

ग्लायोमा या मेंदूतल्या घातक गाठीची कड आणि तिला लागून असलेला निरोगी मेंदू उघड्या डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. एमआरआयवरची ठसठशीत सीमा कवटी उघडल्यावर हरवते. त्यातच आतला द्रव वाहून गेला की मेंदू थोडा सरकतो आणि शस्त्रक्रियेआधी काढलेला नकाशा चुकू लागतो. इतर काही अवयवांत गाठीभोवतीचा थोडा निरोगी भाग जादा कापून सुरक्षित राहता येते. इथे तो जादा भाग म्हणजे कदाचित रुग्णाची वाचा.

जर्मनीत वॉल्टर स्टुमर आणि सहकाऱ्यांनी यावर रुजवलेला उपाय चक्क पाण्यात कालवून पाजायचा असतो. भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी रुग्ण ५-एएलए हे औषध घेतो, वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम. हे द्रव्य शरीरही बनवते. रक्तातले हीम त्यातूनच पुढे तयार होते. गाठीच्या पेशींत मात्र हीम बनताना लोह बसवण्याची शेवटची पायरी रेंगाळते आणि त्याआधीचे प्रोटोपॉर्फिरिन साचत जाते. त्यावर ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश पडला की ते लाल उजळते.

शस्त्रक्रियागृहातले दिवे मंद होतात, मायक्रोस्कोपचा उजेड बदलतो. निरोगी मेंदू निळसर, गाठीचा गाभा निखाऱ्यासारखा लाल, कडेला फिका गुलाबी. पाहायला सुंदरच, पण काम करायला कटकटीचे. या उजेडात रक्त काळे दिसते, बारीक रक्तस्राव चटकन लक्षात येत नाही. म्हणून डॉक्टरांना पुन्हा पुन्हा पांढऱ्या उजेडाकडे यावे लागते. घडीआड किंवा रक्ताच्या थराखाली दडलेला तुकडा उजळतच नाही. कमी घातक (लो-ग्रेड) ग्लायोमा तर बहुधा लाल होतच नाहीत. औषधामुळे त्वचा हळवी होते, म्हणून पुढचे २४ तास रुग्णाला प्रखर उजेडापासून जपतात.

२००६ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या चाचणीत निळ्या उजेडाच्या मदतीने ६५ टक्के रुग्णांची एमआरआयवर चमकणारी गाठ पूर्ण निघाली. नुसत्या पांढऱ्या उजेडात ३६ टक्क्यांची. सहा महिन्यांनंतर आजार न वाढलेले रुग्ण ४१ विरुद्ध २१ टक्के. एकूण आयुष्यात मात्र ठोस फरक दिसला नाही, आणि हे सांगितल्याशिवाय या तंत्राचे कौतुक करू नये. युरोपने २००७ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने २०१७ मध्ये. स्तनातली गाठ काढल्यावर पोकळीत काही राहिले का हे असेच उजळून दाखवणारे पेगुलिशियानिन हे औषध अमेरिकेत २०२४ मध्ये आले.

खरा पेच गुलाबी कडेचा. तिथे गाठीच्या पेशी निरोगी, कामाच्या पेशींत मिसळलेल्या असतात, आणि कुठे थांबायचे हे रंग सांगत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये म्हणूनच या उजेडाच्या जोडीला शस्त्रक्रियेतच अल्ट्रासाऊंडही वापरतात. कड वाचेच्या भागाजवळ असेल, तर रुग्णाला जागे ठेवून बोलते करतात आणि त्या जागी विजेचा हलका झटका देऊन पाहतात. शब्द अडखळला, तर लाल दिसत असूनही तो तुकडा तसाच ठेवतात.