पुस्तकांनी सावरलेले गाव

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागात गॅलोवे नावाचा प्रांत आहे. समुद्रावरून येणारे ओलसर वारे, वारंवार पडणारा पाऊस आणि हिरवीगार कुरणे यांमुळे हा प्रांत गुरांच्या पैदाशीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. काळ्या अंगावर मधोमध पांढरा पट्टा असलेली येथील गुरे थंडीवाऱ्याला दाद देत नाहीत. याच प्रांतात, खाडीकाठच्या एका टेकडीवर विग्टाउन हे बाजाराचे गाव वसले आहे. त्याची लोकसंख्या जेमतेम एक हजार!

मध्ययुगात स्कॉटलंडमध्ये व्यापाराचा विशेष हक्क राजाकडून मिळत असे. असा हक्क लाभलेल्या नगरांत विग्टाउनची गणना तेराव्या शतकापासून होते. गावाच्या मध्यभागी विस्तीर्ण चौक आहे. पूर्वी रात्रीच्या वेळी गावकरी आपली गुरे तेथे कोंडून ठेवीत, असे सांगतात. चौकात बाजाराची खूण म्हणून उभारलेला दगडी स्तंभ आजही दिसतो.

या गावाच्या इतिहासात एक करुण प्रसंग आहे. १६८५ साली मार्गारेट मॅक्लाक्लन ही वृद्धा आणि मार्गारेट विल्सन ही तरुणी यांनी धर्माच्या बाबतीत राजाची सत्ता मानण्याची शपथ घेण्यास नकार दिला. तेव्हा दोघींना खाडीत खांबांना बांधण्यात आले. भरतीचे पाणी चढू लागले, तरी त्या डगमगल्या नाहीत आणि अखेर तेथेच बुडून मरण पावल्या. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडाभोवती आता पाणथळ गवताळ जमीन आहे. कारण पुढे गाळ साचून खाडीचे पात्र दूर सरकले.

१८७५ मध्ये गावात आगगाडी आली आणि शेतमालाची ने-आण सुलभ झाली. परंतु काळ पालटला. १९५० मध्ये प्रवाशांची आणि १९६४ मध्ये मालाची वाहतूक थांबली. पुढे जवळची दुग्धशाळा बंद पडली. १९९३ मध्ये मद्य गाळण्याचा कारखानाही थांबला. कामधंदा नाही म्हणून तरुण गाव सोडू लागले. एकामागून एक दुकानांना कुलपे लागली.

अशा वेळी १९९८ मध्ये विग्टाउनला स्कॉटलंडचे ‘राष्ट्रीय पुस्तकनगर’ हा मान मिळाला. रिकाम्या दुकानांत जुन्या पुस्तकांची विक्री सुरू झाली. एका दुकानासाठी इतक्या दूर कोण येणार? परंतु एकाच गावात अनेक पुस्तकालये असली, की वाचक मुद्दाम वाट वाकडी करून येतो. तो आला, की तेथेच जेवतो, मुक्काम करतो. त्यामुळे खाणावळवाल्याला आणि घरमालकालाही उत्पन्न मिळते. १९९९ पासून दर वर्षी शरद ऋतूत येथे ग्रंथोत्सव भरतो.

गावाबाहेरही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. काही किलोमीटरांवर टॉरहाउस येथे प्राचीन काळी वर्तुळाकार मांडलेल्या १९ शिळा आहेत. खाडीकाठच्या संरक्षित प्रदेशात हिवाळ्यात आइसलंडकडून जंगली हंसांचे थवे उतरतात, तर उन्हाळ्यात ऑस्प्रे हा मासे टिपणारा शिकारी पक्षी दृष्टीस पडतो.

पुस्तकनगराची कल्पना प्रथम वेल्समधील हे-ऑन-वाय या गावी रुजली. तीच प्रेरणा घेऊन २०१७ मध्ये सातारा जिल्ह्यातील भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे पुस्तके विकण्यासाठी नव्हे, तर वाचण्यासाठी घराघरांत मांडलेली असतात. दोन गावे एकमेकांपासून हजारो मैल दूर. एकाची खूण गुरांची, तर दुसऱ्याची स्ट्रॉबेरीची. तरी दोन्हींकडे पाहुण्यांना बोलावणारी शक्ती एकच आहे. ज्या वस्तूला आपण जुनी म्हणून अडगळीत टाकतो, तीच एखाद्या खचलेल्या गावाला हात देऊन उभे करू शकते.