सेन्सर बदलला तरी जुळणी कायम

गळीत हंगामांत कारखाना थांबला, या वार्तेनें ऊंस-बागाईतदाराच्या पोटांत गोळा कां उठतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तोडलेला ऊंस गाडींत पडून राहिला म्हणजे त्याचें वजन घटतें आणि रसांतील साखरेचें विघटन होऊन उताराहि घसरतो. असा खोळंबा प्रत्येक वेळीं मोठें यंत्र मोडल्यानेंच होतो असें नाहीं. रसाच्या टाकीवरील वीतभर लांबीचा सेन्सर बिघडला तरी तो होऊं शकतो.

टाकींतील पातळी, रसाची उष्णता, नळांतील दाब इत्यादि मोजून नियंत्रक यंत्रास कळविणें हें सेन्सरचें काम. हल्लींच्या स्मार्ट सेन्सरला स्वतःची स्मरणशक्ति असते. कोणत्या पातळीस इशारा द्यावयाचा, क्षणिक हेलकाव्यांकडे किती वेळ दुर्लक्ष करावयाचें, कोणत्या मापांत उत्तर द्यावयाचें, अशा अनेक सूचना तींत भराव्या लागतात. यांसच जुळणी किंवा सेटिंग म्हणतात. कोठारांतून आणलेल्या नव्या सेन्सरांत मात्र बनविणाऱ्यानें घातलेली सर्वसाधारण जुळणीच असते. नवा सालदार कितीहि हुशार असला तरी कोणत्या वाफ्यास किती पाणी द्यावयाचें हें त्यास कोणीतरी सांगावेंच लागतें. तसाच हा प्रकार आहे. रात्रपाळीस माहितगार मनुष्य नसला आणि अंदाजानें जुळणी केली, तर टाकी भरून वाहील किंवा पंप कोरडा फिरेल.

यावर उपाय म्हणजे जुळणीची प्रत सेन्सरच्या बाहेर ठेवणें. आयओ-लिंक नांवाच्या पद्धतींत ही सोय आहे. आयईसी ६११३१-९ या आंतरराष्ट्रीय मानकांत तिचें वर्णन असून त्याची पहिली आवृत्ति २०१३ सालीं निघाली. सेन्सर साध्या तीन तारांच्या, जास्तींत जास्त २० मीटर लांबीच्या केबलीनें मास्टर नांवाच्या पेटीस जोडतात. ही सोय चालू असल्यास मास्टर प्रत्येक सेन्सरच्या जुळणीची नक्कल जपून ठेवतो. नवा सेन्सर जोडतांच तो त्याचा उत्पादक-क्रमांक व जाति-क्रमांक तपासतो. जुळले तर जपलेली जुळणी आपोआप त्यांत उतरवितो, न जुळले तर दोष कळवितो. फिटरनें केवळ स्क्रू व केबल घट्ट करावयाची.

तथापि यंत्राचें स्मरण म्हणजे यंत्राचा विवेक नव्हे. मूळ जुळणी चुकीची असेल तर तीच चूक नव्या सेन्सरांत इमानानें उतरेल. दुसऱ्या यंत्रावरून काढलेला सेन्सर मूळ कारखानी स्थितीस आणल्यावांचून लावूं नये. रस निवळवितांना सामू मोजणारी कांडी बदलली, तर प्रमाणित द्रावणांत तिची तपासणी हातानेंच केली पाहिजे. जुनी नोंद तेथें उपयोगीं पडत नाहीं. आणि मास्टरच बिघडला तर काय, म्हणून जुळणीची एक प्रत अन्यत्रहि ठेवावी.

आमच्या सभासद बंधूंनीं हंगामापूर्वीं व्यवस्थापकांस तीन प्रश्न अवश्य विचारावे: ही सोय असल्यास चालू केली आहे काय? त्याच जातीचे सुटे सेन्सर कोठारांत आहेत काय? आणि जुळणीची नोंदवही कोणाच्या ताब्यांत आहे? यंत्रें संचालकांच्या देखरेखीखालीं असलीं, तरी गाडींत वाळणारा ऊंस आपला आहे.