दूध : कोणाचे आणि कोणासाठी?

दूध हे पूर्णान्न होय, ही समजूत भारतात सर्वत्र रूढ आहे. परंतु प्रत्येक सस्तन प्राण्याचे दूध हे मूलतः त्याच्या स्वतःच्या पिलासाठी असते, आणि सर्व पिलांच्या गरजा सारख्या नसतात. सशाच्या पिलाचे वजन जन्मानंतर सुमारे ६ दिवसांत दुप्पट होते; वासराला त्यासाठी दीड महिन्याहून अधिक काळ लागतो, तर मानवी अर्भकाला ४ ते ५ महिने. वाढीचा वेग जितका अधिक, तितकी दुधातील प्रथिने व खनिजे अधिक, असा सर्वसाधारण नियम आहे.

१०० ग्रॅम मातेच्या दुधात प्रथिने सुमारे १ ग्रॅम असतात. गाईच्या व शेळीच्या दुधात ती ३ ते ३.५ ग्रॅम, तर म्हशीच्या दुधात ४ ग्रॅमच्या आसपास भरतात. स्निग्धांश म्हशीच्या दुधात ६ ते ८ ग्रॅम आणि इतर तिन्हींत साधारणपणे ४ ग्रॅम असतो. म्हशीच्या दुधाचे दही घट्ट लागते व तूप अधिक निघते, ते यामुळेच. दुग्धशर्करा मात्र मातेच्या दुधात सर्वांत जास्त, म्हणजे ७ ग्रॅम असते. गाईच्या दुधाची पिवळसर छटा कॅरोटीनमुळे येते. म्हैस या द्रव्याचे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते, म्हणून तिचे दूध शुभ्र दिसते. तेव्हा रंगावरून दुधाचा कस ठरवणे योग्य नव्हे.

हे भेद प्रौढाच्या बाबतीत गौण असले, तरी तान्ह्या मुलाच्या बाबतीत तसे नाहीत. गाई-म्हशींच्या दुधातील जादा प्रथिनांचा व क्षारांचा भार त्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो. शिवाय त्यात लोह अत्यल्प असते. पाणी घालून दूध पातळ केले, तर प्रथिनांबरोबर उष्मांकही घटतात व मूल अर्धपोटी राहते. पाणी अशुद्ध असल्यास अतिसाराचे भय वेगळेच. शेळीचे दूध पचनास हलके म्हणून मुलास पाजण्याची चाल आहे. परंतु त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फारच थोडे असल्याने केवळ त्यावर वाढवलेल्या मुलांना रक्तक्षय जडतो. युरोपातील वैद्यांनी १९२० नंतरच्या दशकातच या विकाराची नोंद केली होती.

म्हणून पहिले ६ महिने मुलास केवळ मातेचे दूध द्यावे. ते मिळणे अशक्य असेल, तर पर्याय वैद्यकीय सल्ल्यानेच निवडावा. वर्षापुढील मुलाच्या आहारात मात्र गाय, म्हैस वा शेळी यांपैकी कोणाचेही उकळलेले दूध उपयुक्त ठरते. फक्त त्याच्या जोडीला इतर सकस अन्न हवे.