चिमण्यांच्या थव्यातली पांढरी चिमणी

 सगळ्या जणी कामं आवरून रेडिओजवळ बसल्या असाल. आज मी तुम्हाला एका परदेशी भाषेतला वाक्प्रचार शिकवणार आहे. दोनच शब्द आहेत. पण आपल्या गटात, आपल्या घरात ते फार उपयोगी पडतील.

देशाचं नाव आहे लाटव्हिया. युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राच्या काठावर हा लहानसा देश आहे. रिगा ही त्याची राजधानी. सगळ्या देशाची लोकसंख्या वीस लाखांहूनही कमी. १९१८ साली हा देश स्वतंत्र झाला, पुढे सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेला आणि १९९१ साली पुन्हा स्वतंत्र झाला. इतक्या थोड्या लोकांची भाषा, पण त्यांनी ती जिवापाड जपली आहे.

त्या भाषेत चारचौघांत वेगळ्या दिसणाऱ्या माणसाला म्हणतात, ‘बाल्ताइस झ्विर्बुलिस’. बाल्ताइस म्हणजे पांढरी आणि झ्विर्बुलिस म्हणजे चिमणी. पांढरी चिमणी! म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा, कारण त्या भाषेत जवळपास प्रत्येक शब्द असाच म्हणतात. एक गंमत सांगते. आपली चिमणी ‘ती’, पण त्यांच्या व्याकरणात चिमणी ‘तो’ आहे. तरी हा वाक्प्रचार बाईला लावा की पुरुषाला, तसाच राहतो.

तिकडच्या घराच्या वळचणीला राहणारी चिमणी आणि आपल्या अंगणात तांदूळ टिपणारी चिमणी, दोघी एकाच जातीच्या. तिचा रंग मातकट, तपकिरी. शंभर चिमण्या दाणे टिपायला बसल्या तर कोणती कुठली ते ओळखू येत नाही. पण कधीतरी एखादं पिल्लू जन्मतःच पांढरं निघतं. पिसांना रंग देणारं द्रव्य त्याच्या पिसांत उतरत नाही. कधी सगळी पिसं पांढरी, तर कधी दोन-चारच. तेही दाणेच टिपतं, चिवचिवतंही तसंच. जात तीच, भूक तीच. फक्त ते लगेच नजरेत भरतं. तुमच्या-माझ्याही नजरेत आणि वरून फिरणाऱ्या शिकऱ्याच्याही!

या वाक्प्रचाराचा अर्थ असा आहे. पांढरी चिमणी चांगली की वाईट, हे त्यात सांगितलेलं नाही. ती लपू शकत नाही, एवढंच सांगितलं आहे. सगळे नटूनथटून आलेल्या लग्नात एखादी रोजच्या साडीत गेली, तर ती म्हणेल, ‘मी आपली पांढरी चिमणी.’ वर्गात एकच मुलगा परगावचा असेल तर तोही पांढरी चिमणी.

आता बाकीच्या भाषा काय म्हणतात ते पाहू. रशियन भाषेत अशा माणसाला ‘पांढरा कावळा’ म्हणतात. पांढऱ्या कावळ्याची ही कल्पना फार जुनी आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी रोममधल्या जुवेनाल नावाच्या कवीनंही दुर्मिळ माणसासाठी ती वापरली होती. इंग्रजीत मात्र ‘काळी मेंढी’ म्हणतात आणि त्याचा अर्थ घराण्याला बट्टा लावणारा. त्यामागं व्यवहार आहे. काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नाही, म्हणून तिला भाव कमी. मेंढीचा दोष काहीच नव्हता, बाजाराला ती नको होती.

आणि आपण काय म्हणतो? ‘वासरांत लंगडी गाय शहाणी.’ म्हणजे एखादी पुढं दिसली, तर ती हुशार आहे असं नाही, बाकीच्या लहान आहेत म्हणून! दुसरा शब्द त्याहून कडू आहे, ‘पांढऱ्या पायाची’. नवी सून घरात आली आणि सासऱ्याला ताप आला, म्हैस आटली, की झाली ती पांढऱ्या पायाची. नवरा गेला तर ‘पांढरं कपाळ’. आपल्या बोलण्यात बाईला लावलेला पांढरा रंग असा अपशकुनाचा होऊन बसला आहे.

लाटव्हियाच्या लोकगीतांत पांढऱ्या रंगाचं वळण निराळं आहे. तिथली लोकगीतं लहान असतात, बहुतेक चार ओळींची. त्यांना ‘दाइना’ म्हणतात. जात्यावर दळताना, गुरांमागं जाताना, लग्नात, बारशात बायकांनी ती गायली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची आठवण यावी अशीच. क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या माणसानं ती गोळा करून १८९४ ते १९१५ या काळात छापली. दोन लाखांहून जास्त! कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या लावून ठेवायला त्यांनी एक खास कपाट करून घेतलं. ते कपाट आजही रिगात जपलेलं आहे. २००१ साली युनेस्कोनं त्याची जागतिक ठेवा म्हणून नोंद केली. या गीतांत आईला ‘पांढरी’ म्हणतात, म्हणजे मायाळू, निर्मळ. सूर्यालाही पांढरा म्हणतात. रंग तोच, पण एका भाषेत तो बाईला ओवाळतो आणि दुसऱ्या भाषेत तिला दाराबाहेर उभं करतो. हे रंगानं केलेलं नाही, बोलणाऱ्यांनी केलेलं आहे.

याच गीतांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंबद्दल सांगते, वाइरा वीके-फ्रेइबेर्गा. दुसऱ्या महायुद्धात सात वर्षांच्या असताना त्यांना घरच्यांबरोबर देश सोडावा लागला. जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत राहिल्या, मग मोरोक्कोत, मग कॅनडात. तिथं मानसशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि मायदेशाच्या लोकगीतांवर संशोधन केलं. १९९८ साली परतल्या. पुढच्याच वर्षी त्या लाटव्हियाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या महिला. २००७ पर्यंत त्या पदावर होत्या. जन्म काढला परदेशात, कुठल्या पक्षाच्या राजकारणात मुरलेल्या नाहीत, त्यात बाई. मला तरी त्या थव्यातल्या पांढऱ्या चिमणीसारख्याच वाटतात. थव्यानं त्यांना हुसकून लावलं नाही, पुढं बसवलं.

आता आपल्या गटाकडं या. समजा मासिक बैठक चालू आहे. कर्जाचा अर्ज फिरतोय, सगळ्या सह्या करताहेत. एक जण म्हणते, ‘आधी वाचून दाखवा. व्याज किती ते सांगा. पासबुक कुठाय?’ लगेच कुजबुज होते, ‘आली शहाणी.’ पुढच्या बैठकीत ती गप्प बसते, त्याच्या पुढच्या बैठकीला येतच नाही. मग अर्ज कुणी वाचायचा? गटाचं नुकसान झालं ते तिच्या प्रश्नानं नाही, आपल्या कुजबुजीनं झालं. नवरा गेल्यावरही कुंकू लावणारी, मुलीचं लग्न अठराव्या वर्षी नको म्हणणारी, चाळिशीत दहावीला बसणारी, या सगळ्या अशाच नजरेत भरतात. त्यांना आधीच शिकऱ्याचं भय असतं. त्यात थव्यानंही चोच मारली तर त्यांनी जायचं कुठं?

पण एक सांभाळायचं. वेगळी दिसणारी प्रत्येक जण बरोबरच असते असंही नाही. तिचं म्हणणं तपासा, हिशेब मागा, पटलं नाही तर तोंडावर सांगा. फक्त ती वेगळी दिसते, एवढ्यावरून निकाल देऊ नका.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एक करून पाहा. ‘आगाऊ’, ‘अतिशहाणी’, ‘पांढऱ्या पायाची’ हे शब्द जिभेवर आले, की त्यांच्याऐवजी म्हणा, ‘आमची पांढरी चिमणी.’ आणि मग तिला विचारा, ‘बाई, तू काय म्हणत होतीस, पुन्हा सांग.’ अध्यक्ष ताईंनी तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि त्याचं उत्तर मिळाल्यावरच सह्या कराव्यात.

काय घडलं ते आम्हाला कळवा.