समीकरणाची पायरी : पाटीवर व पडद्यावर

यवतमाळकडील शाळेत इयत्ता सहावीच्या समीकरणांचा आरंभ कापसापासून करावा. दोन सारखी गाठोडी व सुटा ५ किलो मिळून १७ किलो भरला, म्हणजे २क्ष + ५ = १७. ‘फोटोमॅथ’ ही प्रणाली सर्व पायऱ्या आयत्या दाखविते. त्या उतरवून घेण्यात मुलाचे स्वतःचे काही नाही. ‘जिओजेब्रा’ या मोफत प्रणालीचा ‘कॅस’ विभाग मात्र पायरी मुलासच निवडावयास लावितो. समीकरण कंसात घालून (क्षऐवजी ‘एक्स’) पुढे ‘-५’ लिहिल्यास दोन्ही बाजूंतून ५ जाऊन २क्ष = १२ उरते; त्यास २ ने भागता क्ष = ६. कोणी आधी २ वजा केले तर २क्ष + ३ = १५ येते. ते खोटे नव्हे. सुटा कापूस मात्र अजून बाकी राहतो. शिक्षकाने त्यास चूक न म्हणता ‘सुटा किती उरला?’ एवढेच विचारावे. संगणक एकच असल्यास प्रत्येकाने पायरी आधी पाटीवर लिहावी, मग एकाने ती पडद्यावर पडताळावी.