पाचटातला कोळसा

ऊस तोडून कारखान्याला गेला की शेतात पाचट उरतं, हेक्टरी आठ-दहा टन. गुरं ते खात नाहीत, ते लवकर कुजत नाही आणि खोडव्याच्या मशागतीला आडवं येतं. मग बांधावरून काडी ओढली जाते. चुलीत घातलं तरी भडकन पेटतं नि विझतं. सारणाऱ्या बाईला जागचं हलता येत नाही.

डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 साली पुण्यात स्थापन केलेल्या 'आरती' संस्थेनं याच पाचटापासून कांडीकोळसा बनवला. 2002 साली या कामाला ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

भट्टी साधी आहे. लोखंडी पिंपांत पाचट ठासून भरायचं, तळाशी भोकं ठेवून ती मोठ्या भट्टीत उभी करायची आणि खाली थोडं पाचट पेटवायचं. पिंपात हवा शिरत नाही, त्यामुळे पाचट जळत नाही, तापून विघटित होतं. त्यातून निघणारे वायू ज्वलनशील असतात. भोकांतून खाली उतरून ते पेट घेतात आणि पुढची उष्णता तेच पुरवतात. उघड्यावर जो धूर शिवारभर पसरतो, तो इथे भट्टीचं इंधन होतो. मागे उरतो तो मूळ वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के कोळसा. त्याचा भुगा खळीत किंवा शेणात मळून, यंत्रातून कांड्या पाडून उन्हात वाळवतात. या कांड्या धूर न करता सावकाश जळतात. मात्र निखाऱ्यातून वास नसलेला, विषारी कार्बन मोनॉक्साइड निघतो. म्हणून बंद खोलीत शेगडी कधीच ठेवू नये.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातलं अणशी हे गाव काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. इथे जळणाचा भार झाडांवरून उतरवायला कांडीकोळसा उपयोगी पडेल. शेजारच्या हल्याळ तालुक्यात ऊस पिकतो. तिथलं जाळलं जाणारं पाचट कामी येईल. घराभोवती माजणारी घाणेरी नि रानमोडीही चालेल. पण रानातला पालापाचोळा कचरा समजून गोळा करू नये. तो कुजून मातीला अन्न देतो आणि धुवाधार पावसात तिला धरून ठेवतो. पाचटाचंही तेच: आच्छादन म्हणून सरीत अंथरता येत असेल, तर तो उपयोग पहिला. भट्टीत जावं ते एवढंच, ज्याला एरवी काडीच लागणार होती.