लेखांक सातवा : जुनी डिस्क, नवे यंत्र

झाशीच्या लष्करी छावणीतील सदर बाजारात टंकलेखन, छायाप्रती आणि लग्नपत्रिकांची जुळणी करणाऱ्या एखाद्या दुकानात जो डेस्कटॉप संगणक वर्षानुवर्षे राबत आलेला असतो, त्याच्या पत्र्याच्या पेटीला बाजारात आज फारशी किंमत यायची नाही. परंतु त्या पेटीतील डिस्कवर गिऱ्हाइकांच्या हिशेबांची टॅली असते, रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर बसलेला हात ज्यांच्यावाचून अडतो ती कृतिदेवची अक्षरे असतात, आणि नारो शंकरांच्या सुभेदारीपासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून, या शहरात राहिलेल्या मराठी घरांच्या मुंजी-लग्नांच्या पत्रिकांचे नमुनेही असतात. युनिकोडपूर्व काळातील ही देवनागरी, तिचा विशिष्ट फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली असता, निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर उभी राहते. अशा डिस्कचे मोल तिच्या धन्यालाच ठाऊक. म्हणून मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगू लागले, यंत्र दिवसातून दोनदा आपोआप बंद पडू लागले आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून एक वापरलेले कार्यालयीन यंत्र आणवले गेले, की सर्व काही नव्याने बसवण्याऐवजी जुनी डिस्कच उचलून त्यात लावावी, असे त्याला वाटते. ही इच्छा अडाणीपणाची आहे असे तज्ज्ञ म्हणवणारे पुष्कळदा सुचवतात. मला ती पूर्णपणे रास्त वाटते. मात्र तिची सिद्धता जुने यंत्र अद्याप सुरू होत आहे तोवरच करून घ्यावी लागते, आणि नेमका तोच अवधी बहुतेकजण वाया घालवतात.

नुसती कागदपत्रे साठवलेली डिस्क कोठेही लावली तरी वाचता येते. कार्यप्रणाली असलेल्या डिस्कची गोष्ट वेगळी. एका कचेरीत मुरलेला कारकून दुसऱ्या तालुक्यात बदलून गेला, म्हणजे त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते खरे, पण नव्या कचेरीतील दप्तराच्या खोलीची किल्ली त्याच्यापाशी नसते. विंडोजची अवस्था तशीच होते. यंत्र सुरू होताच मदरबोर्डावरील फर्मवेअर डिस्कवरच्या प्रारंभिक प्रोग्रामला पाचारण करते, तो विंडोजचा गाभा आणि आरंभीच लागणारे मोजके ड्रायव्हर स्मृतीत आणतो, आणि त्यानंतर डिस्क वाचण्याचे काम गाभ्याने स्वतःच्या ड्रायव्हरकरवी करावयाचे असते. जुन्या यंत्रावर डिस्क हाताळणाऱ्या ज्या नियंत्रकाशी कधी संबंधच आला नाही, त्याचा ड्रायव्हर विंडोजने आरंभीच्या यादीतून वगळलेला असतो. तो डिस्कवर असतो, पण डिस्क वाचण्यासाठी तोच हवा असतो. या पेचात सापडलेली प्रणाली निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ एवढी कैफियत मांडून थांबते, आणि दुकानदार समजतो की डिस्कच गेली. डिस्क शाबूत असते.

२००१ सालच्या एक्सपीच्या अमदानीत हा पेच याहून बिकट होता, कारण यंत्राच्या जडणघडणीशी बोलणारा प्रणालीचा थरच त्या काळी स्थापनेच्या वेळी कायमचा ठरून जात असे. व्हिस्टापासून तो प्रत्येक प्रारंभी नव्याने ओळखला जाऊ लागला, आणि विंडोज १० व ११ तर परक्या मदरबोर्डावर बहुधा विनातक्रार उभ्या राहतात. तरीही नियंत्रकाची खातरजमा आधी केलेली बरी. नामांकित कंपन्यांची कित्येक कार्यालयीन यंत्रे कारखान्यातूनच ‘रेड’ पद्धतीवर ठेवलेली येतात, जुनी डिस्क मात्र ‘एएचसीआय’ पद्धतीवर वाढलेली असते. तेव्हा नव्या यंत्राच्या बायोसमध्ये जाऊन ती पद्धत जुळवून घ्यावी. दुसरी तजवीज जुन्या यंत्रावर करावयाची : एमएसकॉन्फिगमधून ‘सेफ बूट’चा पर्याय निवडून यंत्र बंद करावे, डिस्क हलवावी, आणि नव्या यंत्रात तिचा पहिला प्रारंभ सेफ मोडमध्येच होऊ द्यावा. त्या मोडमध्ये वगळलेले मूलभूत ड्रायव्हरही विंडोज चाचपून पाहते, आणि एकदा ओळख पटली की तो पर्याय काढून टाकता येतो. सेफ मोडमध्ये चार अंकी पिन पुष्कळदा चालत नाही, म्हणून खात्याचा पूर्ण पासवर्ड आठवत असल्याची आधी खात्री करावी.

डिस्कची विभागणी एमबीआर पद्धतीची असेल, तर केवळ यूईएफआय ही फर्मवेअरची नवी पद्धत जाणणारे यंत्र तिच्यावरून सुरू होणार नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून अंतर्भूत असलेले ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन मजकुराला धक्का न लावता ती पालटून देते.

यापुढचे अडथळे मोहोर-सनदांचे आहेत. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कूटबद्धीकरण चालू असेल, तर तिचे कुलूप मदरबोर्डावरील टीपीएम या सुरक्षा-घटकाशी जखडलेले असते आणि नवे यंत्र ४८ अंकांची पुनर्प्राप्ती-किल्ली मागते; ती आधीच छापून ठेवावी, अथवा बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. विंडोजचा परवाना यंत्राबरोबर आलेला असेल तर तो जुन्या मदरबोर्डाचाच, त्याला बदली नाही. स्वतंत्र विकत घेतलेला असेल तर नेता येतो. नव्या यंत्राच्या फर्मवेअरमध्ये स्वतःचा परवाना असणे शक्य असते, पण डिस्कवर ‘होम’ आणि फर्मवेअरमध्ये ‘प्रो’ असली विसंगती असल्यास तो आपोआप लागू पडत नाही. टॅलीचा परवानाही यंत्राशी बांधलेला असतो. तो जुन्या यंत्रावरून रीतसर परत करून नव्यावर पुन्हा चालू करावा लागतो, आणि यंत्र अखेरचे बंद पडण्याआधी ही तजवीज करून घ्यायची राहिली, तर मार्चअखेरीस विक्रेत्याच्या दारात खेटे घालावे लागतात.

विंडोज ७ ची डिस्क असल्यास मात्र माझा सल्ला बदलतो. तिच्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नाही, त्यामुळे २०१५ नंतरच्या बऱ्याच मदरबोर्डांवर प्रणाली कदाचित उभी राहील, पण कळफलक आणि माऊस निर्जीव पडतील. शिवाय तिचा सांभाळ १४ जानेवारी २०२० रोजीच थांबला. तिथे मजकूर, फॉन्ट आणि टॅलीचे विदा-फोल्डर उचलावे आणि प्रणाली नवी बसवावी. विंडोज १० चाही सर्वसाधारण सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला आहे, हे नवे यंत्र निवडताना ध्यानात असावे.

या सर्वांच्या आधी संपूर्ण डिस्कची प्रतिकृती दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि स्थलांतर त्या प्रतिकृतीचे करावे, मूळ डिस्कचे नव्हे. दोन्ही एकाच वेळी एका यंत्रास जोडू नयेत. दोघींची ओळखचिन्हे एकच असल्याने विंडोज त्यांतील एकीला बाजूला सारते. पहिल्या प्रारंभी नवे ड्रायव्हर बसत असताना पडदा बराच वेळ रिकामा राहतो आणि यंत्र एकदोनदा पुन्हा सुरू होते. त्या अवधीत वीज गेल्यास अर्धवट बसलेली प्रणाली निस्तरणे कठीण, म्हणून यूपीएसवाचून हे काम हाती घेऊ नये. मग जुना प्रिंटर जोडून एक पत्रिका त्या जुन्या फॉन्टमध्ये छापून पाहावी, टॅलीतील गतवर्षाचा ताळेबंद उघडून पाहावा, आणि चालू वर्षाचा हिशेब नव्या यंत्रावर पुरा होईपर्यंत मूळ डिस्क, तिच्यावर तारीख लिहून, कपाटात ठेवावी.